नांव ठेवण्यापूर्वीं

आमच्या मराठी भाषेंत नांव ठेवणें या शब्दांचे दोन अर्थ होतात. घरांत मूल जन्मास आलें म्हणजे त्याला नांव ठेवतात, तो एक. आणि शेजाऱ्याच्या मुलाला नांवें ठेवतात, तो दुसरा. पहिल्या कामीं आपण केवढी दक्षता घेतों! कोणी पंचांग उघडतो, कोणी पाळकसाहेबांचा सल्ला घेतो, आजी-आजोबांचें मत विचारलें जातें, आणि मग कोठें दोन-तीन अक्षरें कायम होतात. दुसऱ्या कामास मात्र कसलीहि पूर्वतयारी लागत नाहीं. मुलाच्या मानेवर एखादा पांढुरका ठिपका दिसण्याचाच काय तो अवकाश. पाहणाराच्या मुखांतून त्या ठिपक्याचें नांव तत्काळ बाहेर पडतें, आणि बहुधा तें चुकीचें असतें.

प्रस्तुत लेखाचा विषय हे ठिपके हाच आहे. आमच्याकडे त्यांस शिबें म्हणतात. विषय क्षुल्लक आहे, असें कांहीं वाचकांस वाटेल. शाळेच्या वार्षिकांत इतिहास, काव्य, प्रवासवर्णन यांच्या पंक्तीस त्वचेवरील डागांनीं येऊन बसावें, हें कोणास अप्रशस्तहि वाटेल. परंतु ज्या वयाचे विद्यार्थी हें वार्षिक वाचतात, त्याच वयांत हे डाग विशेषेंकरून उठूं लागतात. आणि ज्याच्या अंगावर ते उठतात व ज्याला त्यावरून बोलणीं खावीं लागतात, त्याला त्या वर्षीं इतिहास, काव्य आणि प्रवासवर्णन यांपैकीं कशांतहि गोडी वाटत नाहीं.

शिबें म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. छाती, पाठ, मान, खांदे आणि दंडांचा वरचा भाग येथें लहान लहान वाटोळे डाग उठतात. पुढें ते एकमेकांत मिसळून नकाशावरील बेटांसारखे दिसूं लागतात. लहान मुलांच्या चेहऱ्यावरहि ते येतात. त्यांचा रंग सभोंवतींच्या कातडीपेक्षां फिका असतो. क्वचित् तो उलट तपकिरी वा तांबूसहि असतो, आणि म्हणूनच या विकाराच्या लॅटिन नांवांत नानारंगी या अर्थाचा शब्द आलेला आहे. डाग दुखत नाहीं, त्याची आग होत नाहीं. घाम आला म्हणजे थोडी खाज सुटते, इतकेंच. नखानें हलकेंच खरवडलें असतां त्यांतून कोंड्यासारखी बारीक भुकटी निघते. ही भुकटी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

या डागांचें कारण म्हणजे एक अतिसूक्ष्म बुरशी. पाव फुगविण्यासाठीं बेकरींत जें यीस्ट वापरतात, त्याच प्रकारचा हा एकपेशीय जीव आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील विद्वानांनीं त्याचा माग काढिला. सन १८४६ मध्यें आइखश्टेट या जर्मन वैद्यानें हा विकार बुरशीमुळें होतो हें ओळखिलें. सन १८७४ मध्यें लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्या जीवाचें वर्णन केलें. आणि सन १८८९ मध्यें बायों यानें मालासे यांच्या सन्मानार्थ त्याला मॅलासेझिया हें नांव दिलें. येथें नांव कायम होण्यापूर्वीं त्रेचाळीस वर्षें पाहणें चाललें होतें, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी आहे.

परंतु खरी आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. हा जीव कोठून तरी बाहेरून येऊन अंगावर चढाई करतो, असें मुळींच नाहीं. जवळजवळ प्रत्येक प्रौढ मनुष्याच्या कातडीवर तो कायमचा वस्तीस असतो. हा लेख वाचणारांच्या अंगावर तो आहे, आणि लिहिणाराच्याहि अंगावर आहे. त्वचेंतून पाझरणारें तेल हें त्याचें अन्न. बालपण सरून कुमारवय लागतें, तेव्हां त्वचेंतील तैलग्रंथि जोमानें काम करूं लागतात आणि या बिऱ्हाडकरूस सुकाळ होतो. त्यांतच हवा उष्ण व दमट असली, घाम अंगावरच जिरत राहिला, कपडा पाठीस चिकटून बसला, कीं एरवीं गोल दाण्यासारखा असणारा हा जीव आपलें रूप पालटून तंतूसारखा वाढूं लागतो व त्वचेच्या अगदीं वरच्या निर्जीव थरांत पसरतो. ती भुकटी सूक्ष्मदर्शकाखालीं धरली असतां आंखूड तंतु व गोल दाणे एकत्र विखुरलेले दिसतात. पाश्चात्य डॉक्टर त्या दृश्यास आपल्याकडील एका खाद्यपदार्थाची उपमा देतात. शेवयांत साबुदाणा सांडल्यासारखें दिसतें, असें आपण म्हणावें.

यावरून एक गोष्ट उघड होते. जो जीव सर्वांच्याच अंगावर आहे, तो एकापासून दुसऱ्यास लागेल ही भीति निरर्थक होय. शिबें हा संसर्गजन्य रोग नव्हे. तो अस्वच्छतेचाहि पुरावा नव्हे; दिवसांतून दोन वेळां स्नान करणाऱ्या मुलालाहि तो होतो. थंड देशांत शेंकडा एकाच्या आसपास माणसांस होणारा हा विकार उष्ण व दमट मुलखांत पुष्कळ पटींनीं अधिक आढळतो. कोंकण, गोमंतक व मुंबई येथील हवा कशी आहे, हें त्या हवेंत राहणारांस सांगावयास नको.

आतां रंग जातो कसा? त्वचेंत रंग तयार करणाऱ्या पेशींचा एक कारखाना आहे. त्या कारखान्यांत टायरोसिनेज नांवाचें एक विकर असतें; त्यावांचून रंगाचें काम पुढें सरकत नाहीं. ही बुरशी त्वचेवरील तेलावर निर्वाह करतांना ॲझेलाइक आम्ल व तत्सम द्रव्यें निर्माण करते, आणि त्या द्रव्यांमुळें टायरोसिनेजचें काम मंदावतें, हें रंग फिका पडण्याचें एक मुख्य कारण मानिलें जातें. गंमत अशी कीं, हेंच आम्ल आतां औषध म्हणून तयार करितात, आणि तारुण्यपिटिका व चेहऱ्यावरील वांग यांवर डॉक्टर तें लावावयास देतात. तात्पर्य, शिब्यांत कारखाना मंदावलेला असतो, पण कारागीर जिवंत असतात. कोडांत प्रकार अगदीं निराळा. तेथें शरीराची संरक्षक शक्तीच कांहीं घोटाळ्यामुळें आपल्याच रंगपेशींवर उलटते व त्यांचा नाश करते. म्हणून कोडाचा डाग खडूसारखा शुभ्र असतो, त्यावरील कातडी गुळगुळीत असते आणि खरवडून कांहीं निघत नाहीं. कुष्ठरोगाचा डाग तिसऱ्याच जातीचा. तो सन १८७३ मध्यें नॉर्वेंतील डॉक्टर हॅन्सन यांनीं शोधून काढलेल्या जंतूमुळें होतो, आणि त्या ठिकाणीं स्पर्शाची जाणीव बहुधा कमी झालेली किंवा गेलेली असते. याशिवाय लहान मुलांच्या गालांवर जे कोरडे फिके चट्टे दिसतात, ते बहुतेक वेळां त्वचेच्या रुक्षपणाचे असतात. त्यांचा जंतांशीं किंवा कॅल्शियमच्या कमतरतेशीं जो संबंध घरोघरीं जोडला जातो, त्यास आधार नाहीं.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या बाबतींत फार चांगलें पाहिलें होतें. चरकसंहितेंत सिध्म नांवाच्या विकाराचें जें वर्णन आहे, तें वाचून आजचा त्वचारोगतज्ज्ञहि मान डोलावील. पांढुरका व तांबूस, पातळ, दुध्या भोपळ्याच्या फुलाच्या रंगाचा, घांसला असतां धूळ सोडणारा, आणि बहुधा छातीवर होणारा, अशीं त्याचीं लक्षणें तेथें दिलीं आहेत. ही धूळ म्हणजेच आमची मघांची भुकटी. त्या वैद्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, बोटानें घांसून पाहिलें, आणि मग लिहिलें. मात्र त्यांनीं सिध्माची गणना कुष्ठांत केली. त्यांतहि चरकांनीं त्यास सात महाकुष्ठांत बसविलें, तर सुश्रुतांनीं अकरा क्षुद्रकुष्ठांत. यांत त्यांचें चुकलें असें म्हणतां येत नाहीं. कारण कुष्ठ हा शब्द त्या काळीं अठरा प्रकारच्या त्वचाविकारांस मिळून लावीत असत, आणि त्यांत साधा नायटाहि येई. पुढें शब्द तोच राहिला, अर्थ मात्र आकसून एकाच भयंकर मानलेल्या रोगापुरता उरला. आणि त्या एका रोगाची भीति जुन्या शब्दाच्या संबंध मुलुखावर पसरली. कोडास श्वेतकुष्ठ म्हणण्याचा प्रघात हें याच घोटाळ्याचें अपत्य होय. कोडाचा आणि कुष्ठरोगाचा कांहींएक संबंध नाहीं. संबंध आहे तो केवळ नांवाचा.

असाच प्रकार पवित्र शास्त्राच्या बाबतींतहि झाला आहे. जुन्या करारांतील लेवीय नांवाच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय रुक्ष म्हणून आपण बहुतेक जण ओलांडून पुढें जातों. तेथें जो मूळ इब्री शब्द आहे, तो मनुष्याच्या कातडीलाच नव्हे, तर कपड्यांवरील व पुढील अध्यायांत घरांच्या भिंतींवरील डागांसहि लाविलेला आहे. एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत जातां जातां तो व्यापक शब्द कुष्ठरोगावर येऊन ठेपला. पण मूळ अध्यायांत याजकाला काय काम सांगितलें आहे, तें पाहा. त्यानें डाग नीट न्याहाळावा. तो कातडीहून खोल दिसतो काय, त्यावरील केंस पांढरे झाले आहेत काय, हें तपासावें. संशय असल्यास सात दिवस थांबावें व पुन्हा पाहावें. तरीहि निर्णय होत नसेल तर आणखी सात दिवस थांबावें. आणि त्याच अध्यायाच्या अडतिसाव्या व एकोणचाळिसाव्या वचनांत असें सांगितलें आहे कीं, पुरुषाच्या वा स्त्रीच्या अंगावरचे डाग मंद पांढरे असतील तर तें साधें इसब समजावें, आणि तें मनुष्य शुद्ध होय. त्या अध्यायांतील दुसरी आज्ञा, म्हणजे बाधित मनुष्यानें वस्तीबाहेर राहावें ही, आज कोणासहि लागू करण्याचें कारण उरलेलें नाहीं. आणि प्रभु येशूनें तर हात पुढें करून कुष्ठरोग्याला स्पर्श केला, हें मत्तयाच्या शुभवर्तमानांत आपण सर्वांनीं वाचलेलें आहे. परंतु पाहिल्यावांचून बोलूं नये हा जो त्या याजकाचा शिरस्ता, तो अनुकरणीय आहे. आमच्या चाळींतील व आळींतील याजक सात दिवस तर राहोत, सात पळेंहि थांबत नाहींत.

या घाईचें फळ कोणास भोगावें लागतें, याचें एक उदाहरण देतों. आमच्या पाहण्यांतील एक विद्यार्थी मल्लखांबांत चांगला तयार झाला होता. मल्लखांबाचा प्रकारच असा कीं, खांबाला एरंडेल लावलेलें असतें, अंग उघडें असतें, आणि घामाच्या धारा लागलेल्या असतात; म्हणजे आमच्या या बुरशीला हवें तें सर्व एका ठिकाणीं मिळतें. त्याच्या पाठीवर पांच-सहा डाग दिसूं लागले. एका सोबत्यानें कोड हा शब्द उच्चारला. दुसऱ्या दिवशीं त्याच्यानंतर खांबाला हात लावण्यास दोघे जण कांकूं करूं लागले. घरीं आईनें दूध आणि मासळी दोन्हीं बंद केलीं, कारण हीं एकत्र खाल्लीं असतां कोड फुटतें असें तिनें लहानपणापासून ऐकिलें होतें. मुलगा पंधरा दिवसांत तालमीस येईनासा झाला. पुढें जेव्हां त्याला इस्पितळांत नेलें, तेव्हां डॉक्टरांनीं डाग ताणून पाहिला, थोडी भुकटी कांचेवर घेतली, आणि थोड्याच वेळांत शिबें म्हणून सांगितलें. औषध झालें, डाग गेले. मात्र त्या सालच्या स्पर्धा तोंपर्यंत होऊन गेल्या होत्या, आणि तो मुलगा पुन्हा खांबाकडे वळला नाहीं. बुरशीनें त्याचें कांहीं नुकसान केलें, असें म्हणवत नाहीं.

दूध व मासळी यांविषयींची समजूत आपल्याकडे किती खोल रुजलेली आहे, हें सर्वांस ठाऊक आहेच. या मिश्रणानें कोड होतें यास शास्त्राचा आधार नाहीं, आणि शिब्यांशीं तर त्याचा दुरूनहि संबंध नाहीं. ज्या वयांत हाडें वाढतात त्याच वयांत मुलाच्या ताटांतून हे दोन पदार्थ काढून घेणें, हें मात्र खरोखर अपायकारक आहे.

आतां येथें एक विचार मांडावयाचा आहे. आणि तो कांहीं वाचकांस कटु लागेल. शिबें झालेल्या मुलाची बाजू घेतांना आपण मोठ्या आवेशानें म्हणतों, "अहो, त्याला कांहीं कोड नाहीं, साधें शिबें आहे!" बोलणें खरें असतें आणि हेतूहि चांगला असतो. परंतु त्याच वर्गांत तिसऱ्या बाकावर, जिला खरोखरच कोड आहे अशी एखादी मुलगी बसलेली असते. तिनें हें वाक्य ऐकून काय समजावें? शिबेंवाल्याला जवळ बसूं देण्याचें कारण जर तो कोडवाला नाहीं हें असेल, तर कोडवालीनें कोठें बसावें? एका निरपराध्याची सुटका करतांना आपण दुसऱ्या निरपराध्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करतों, आणि तें आपल्या ध्यानींहि येत नाहीं.

कोणी म्हणतील, खात्री होईपर्यंत मुलाला थोडें दूर बसविलें तर बिघडलें काय? सावधगिरी बरी. या म्हणण्याची फोड करून पाहूं. तो डाग शिब्याचा असेल, तर दूर बसविण्याचा उपयोग नाहीं, कारण शिबें लागत नाहीं. तो कोडाचा असेल, तर उपयोग नाहीं, कारण कोड तर जंतूंचा रोगच नव्हे. उरला कुष्ठरोग. तो फार मंदगतीनें पसरतो, बहुसंख्य माणसांच्या अंगीं त्याला तोंड देण्याची शक्ति उपजतच असते, आणि औषधोपचार सुरूं होतांच रोग्यापासून इतरांस होण्याचा धोका झपाट्यानें नाहींसा होतो. सन १९८१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें शिफारस केलेले बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात, आणि सहा महिने किंवा एक वर्ष ते नेटानें घेतले असतां रोग बरा होतो. तेव्हां तिन्ही प्रकारांत दूर बसविण्यानें साधतें काय? एकच गोष्ट साधते. सर्व वर्गाला कळतें कीं या मुलांत कांहीं तरी वाईट आहे.

आपल्या देशाच्या कायद्यानें या बाबतींत आपली भाषा सुधारली आहे. कुष्ठरोग्यांना वेगळें कोंडून ठेवण्याची मुभा देणारा सन १८९८ चा कायदा सन २०१६ मध्यें रद्द झाला. सन २०१९ मध्यें विवाहविषयक कायद्यांतून, जोडीदाराचा कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण काढून टाकण्यांत आलें. कायदेमंडळास जें जमलें, तें आपल्या ओटीवरच्या व वर्गांतल्या बोलण्यास अद्याप जमलेलें नाहीं. मुलीच्या अंगावर शिब्याचे चार डाग उठले तर तिच्या आईच्या मनांत प्रथम औषधाचा विचार न येतां पुढील पांच-दहा वर्षांनीं होणाऱ्या लग्नाचा विचार येतो. मग उन्हाळ्यांतहि बंद गळ्याचे व लांब बाह्यांचे कपडे सुरूं होतात. आणि अर्थात् कपड्याखालीं घाम अधिक, म्हणून शिबेंहि अधिक. लपविल्यानें वाढणारा असा दुसरा विकार क्वचितच असेल.

औषधासंबंधीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण येथें पैशाची नासाडी फार होते. शिब्यावर किटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइड यांचीं धावनें व त्याच जातीचीं बुरशीनाशक मलमें उपयोगी पडतात. तीं कोणतीं, किती वेळ व किती दिवस लावावयाचीं, हें डॉक्टरांनीं सांगावें. डाग दिसतो तेवढ्याच जागीं न लावतां संबंध छाती-पाठीवर लावण्यास ते बहुधा सांगतात, कारण बुरशी डागाच्या बाहेरहि पसरलेली असते. पोटांत घ्यावयाच्या गोळ्या मुलांस आपल्या मनानें देऊं नयेत. तेल चोळण्याचा घरगुती उपाय तर बुरशीला आयतें जेवण वाढण्यासारखा आहे. याहून मोठा धोका औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीवांचून आणलेल्या मिश्र मलमांचा. त्यांपैकीं पुष्कळांत बुरशीनाशकाबरोबर जहाल स्टिरॉइड असतें. त्यानें खाज तत्काळ थांबते व घरचीं माणसें खूष होतात, परंतु कातडी पातळ पडते, तीवर कायमचे वळ उमटतात, आणि बुरशी आंतल्या आंत फोफावते.

सर्वांत मोठी फसगत निराळीच आहे, आणि ती औषध लागू पडल्यानंतर होते. दोन-चार आठवड्यांत बुरशी मरते. खरवडलें तर भुकटी निघत नाहीं. पण फिका रंग तसाच दिसतो. कारण मंदावलेला कारखाना पूर्ववत् चालूं होण्यास कित्येक आठवडे, कधीं कधीं कित्येक महिने लागतात, आणि थोडें ऊन अंगावर पडलें म्हणजे तें काम सुकर होतें. याच अवधींत आईबापांचा धीर सुटतो. डॉक्टरचें औषध फुकट गेलें असें ठरवून ते भिंतींवरच्या जाहिरातींतील, पांढरे डाग हमखास घालविणाऱ्या वैदूकडे जातात. तो भारी किंमतीची पुडी देतो. तीन महिन्यांनीं रंग आपोआप परत येतो. आणि श्रेय पुडीस मिळतें. पुढील पावसाळ्यांत शिबें पुन्हा उठतें, कारण हा बिऱ्हाडकरू घर सोडून कधींच गेलेला नसतो. आणि पुन्हा पुडी येते. पुष्कळांस हा विकार वर्ष-दोन वर्षांत उलटून होतो, हें आरंभींच माहीत असलें तर निराशाहि होणार नाहीं आणि पुडीहि येणार नाहीं. घामाचे कपडे लगेच बदलणें, सुती सदरा वापरणें, अंग पुसून कोरडें करणें, एवढ्यानेंहि पुष्कळ फरक पडतो. गणवेषाचें कापड निवडणाऱ्या मंडळींनीं या गोष्टीचा विचार करावा, अशी आमची सूचना आहे. इस्त्री न मोडणारें कृत्रिम धाग्यांचें कापड संमेलनाच्या छायाचित्रांत शोभतें खरें, पण जून महिन्यांत तें अंगावर वागवावें लागतें मुलांना.

शाळेनें याहूनहि अधिक करण्याजोगें आहे. सन २०१३ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांतील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरूं झाला. सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची त्या अन्वयें जी तपासणी होते, तींत त्वचाविकारहि मोडतात. परंतु तपासणीची पद्धत पुष्कळ ठिकाणीं अशी असते कीं, सारा वर्ग रांगेनें उभा, डॉक्टर मोठ्यानें सांगताहेत, आणि शिक्षक मोठ्यानें उच्चारीत वहींत लिहिताहेत. तपासणी अवश्य व्हावी. पण ती पडद्याआड व्हावी, मुलींची स्त्री-डॉक्टरांनीं करावी, आणि डागाचें नांव डॉक्टर व मूल यांच्यावांचून तिसऱ्याच्या कानीं जाऊं नये. विज्ञानाच्या तासाला आठवी-नववीच्या वर्गांत बुरशीचा पाठ असतोच. पावावरच्या बुरशीबरोबर आपल्या पाठीवरच्या बुरशीचीहि गोष्ट त्या तासाला सांगावी. ती आपल्या सर्वांच्याच अंगावर आहे असें कळलें म्हणजे मुलें प्रथम किंचाळतील, मग हंसतील, आणि नंतर कोणीहि कोणाकडे बोट दाखविणार नाहीं.

पालकांस कळविण्याची चिठ्ठी तीन ओळींची असावी. डाग दिसला आहे, त्यापासून इतरांस अपाय नाहीं, आणि अमुक वारीं इस्पितळांत दाखवावा. रोगाचें नांव तींत लिहूं नये. तें लिहिण्याचा अधिकार इस्पितळाचा. आणि ती बंद पाकिटांत घालून, पाकीट चिकटवूनच मुलाच्या हातीं द्यावी. कारण उघडी चिठ्ठी घरीं पोंचण्यापूर्वीं वाटेंत निदान दहा जणांनीं वाचलेली असते.